कॉफी घ्या, निवतेय

शनिवार, ६ जुलै

ही वही विकत आणलेली नाही. तेहतीस वर्षं इथल्या, सल्तच्या, जलखात्यात मीटर दुरुस्त केले. निवृत्त झालो त्या दिवशी जुन्या नोंदवह्यांचे कोरे कागद रद्दीत निघाले होते, ते घरी आणून शिवले. छतावर जे जे करेन ते यात लिहायचं, म्हणजे कुणी विचारलं तर तोंडी सांगत बसायला नको. अजून कुणी विचारलेलं नाही.

पहिलं काम. खालच्या मजल्यावरच्या जिर्येस औषधवाल्याने टाकून दिलेलं वॉशिंग मशीन. मोटर जळलेली, पण आतला स्टीलचा ड्रम ठणठणीत. भोकं आयतीच पाडलेली. तळाशी खडी, वर माती, मेंढीचं खत, आणि त्यात लिंबाचं रोप. खर्च काही नाही. बायको, म्हणजे आमच्या सामेरची आई उम्म सामेर, वर येऊन बघून गेली. म्हणाली, "या घरात भोक न पाडलेली आता मी एकटीच उरलेय." मी सांगितलं की ड्रमची भोकं कारखान्यातच पाडतात. "मग बरं, मी कारखान्यात गेले नाही," म्हणाली आणि खाली गेली.

अरीज परवा आली. आमची धाकटी. सहा वर्षांपूर्वी तासाभरावरच्या झरक्याला दिली. तिच्या नवऱ्याचा, हैथमचा, टायरचा धंदा आहे. एकाच बॅगेनिशी आलीय. तिची आई म्हणते, "दमलीय, राहू दे जरा." मी म्हटलं, राहू दे की. डबे उचलायला माणूस हवंच होतं.

सोमवार, ८ जुलै

तुपाचे अकरा डबे, ऑलिव्ह तेलाचे सात. प्रत्येकाच्या तळाला खिळ्याने नऊ भोकं. खिळा आतून बाहेर मारायचा, म्हणजे धार बाहेर राहते आणि भोक मातीने बुजत नाही. शंभरातल्या नव्वद लोकांना हे माहीत नसतं. मग ते म्हणतात, पुदिना कुजला.

अरीज कामाला वाईट नाही, पण तारेची गाठ दाताने आवळते. डावा हात नुसता टेकू लावल्यासारखा. म्हटलं, "देवाने दोन हात दिलेत ना?" म्हणाली, "एक राखून ठेवलाय, बाबा." आळशी आहे, पण जीभ आईची घेतलीय.

नावाच्या पाट्यांची युक्ती मात्र तिची. फुटक्या बशांच्या तुकड्यांवर काळ्या रंगाने लिहायचं आणि तुकडा मातीत खोचायचा. पुदिना, रेहान, मुलूखिया, टोमॅटो. लग्नाआधी ती शाळेत चित्रकला शिकवायची, अक्षर अजून तसंच आहे. आमच्याकडचे तुकडे संपले तेव्हा म्हणाली, "आमच्याकडून आणायला हवे होते. तिकडे फार निघतात." सासूच्या हातून पडत असणार. म्हातारीला दिसतं कमी.

बुधवार, १० जुलै

काल पाणी आलं. पाच तास. दोन्ही टाक्या भरल्या. आता मंगळवारपर्यंत एवढ्यावरच भागवायचं.

हैथमचा फोन आला. फार अदबीने बोलतो. "काका, तिला जपा. ती जरा हळवी आहे, छोट्या गोष्टीचं मोठं करते." मी म्हटलं, काळजी करू नकोस. असा जावई आजकाल मिळत नाही. फोन ठेवल्यावर सांगितलं तर अरीज भाताला फोडणी देत होती, वळलीसुद्धा नाही.

रविवार, १४ जुलै

आजचा दिवस सोन्याचा. जिर्येसने मुदत संपलेल्या सलाइनच्या नळ्यांचा खोका दिला, चाळीस नळ्या, प्रत्येकीला चाक असलेली चिमटी. पाण्याची बाटली उलटी टांगायची, बुडाला श्वासासाठी भोक, नळी मुळाशी. चाक फिरवून थेंब बांधून द्यायचे. टोमॅटोला मिनिटाला वीस, रेहानला आठ. तेहतीस वर्षं दुसऱ्यांचं पाणी मोजलं, आता स्वतःचं मोजतोय! अरीजने प्रत्येक चाकावर नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे कुठपर्यंत फिरवायचं ते कळतं. हे मला सुचलं नव्हतं. कबूल करतो, इथे लिहून ठेवतो, तिला सांगणार नाही.

नळ्या देताना जिर्येस काउंटरवरून वाकून हळू म्हणाला, "अबू सामेर, पोरीच्या हाताचं कसं आहे?" मी म्हटलं, कसलं? म्हणाला, "गोळ्या नेते ना, दुखण्यावरच्या. जरा जास्तच नेते." मी म्हटलं, डबे उचलते, अंग दुखत असेल. त्याने माझ्याकडे बघितलं, मग खोका बांधायला घेतला. ख्रिस्ती असो की मुसलमान, औषधवाल्यांना सगळीकडे रोगच दिसतात.

गुरुवार, १८ जुलै

टोमॅटोला मांडव. तीन गंजक्या डिशअँटेना कुणी तरी पायऱ्यांवर टाकल्या होत्या. तबकड्या बाजूला, पाय तेवढे घेतले. एक तबकडी माझ्या हातून निसटून फरशीवर पडली. अरीज पाठमोरी होती. मटकन खाली बसली, दोन्ही हात डोक्यावर. मी हसलो. म्हटलं, "आभाळ नाही पडलं, अँटेना पडली." उठायला वेळ लागला तिला. मग म्हणाली, "पुढच्या वेळी आधी सांगत जा." पडणारी वस्तू आधी सांगून पडते का?

लहानपणी नव्हती अशी. थोरल्या सामेरच्या आधी हीच भिंतीवर चढायची.

शनिवार, २० जुलै

आज छतावर गेलो नाही.

न्हाव्याकडे तिघांनी विचारलं, "मुलगी आलीय म्हणे?" म्हणे म्हणजे काय? पंधरा दिवस झाले. इथल्या पायऱ्यांवर कोण कुठल्या घरात किती दिवस राहिलं हे लोकांना माझ्या मीटरपेक्षा पक्कं कळतं. रुसून माहेरी आलेली मुलगी ही एका घराची गोष्ट राहत नाही.

खरं लिहायचं तर मलाही ते टोचतं. चार वर्षांपूर्वी ती अशीच आली होती. तेव्हा दोन दिवसांत माझ्या मेव्हण्याची गाडी मागून मी स्वतः तिला पोहोचवून आलो. वाटेत ती काही बोलली नाही. मी तिला समजावत होतो की संसार म्हणजे काय. झरक्यापर्यंत बोलत होतो.

तेव्हा मूल नव्हतं, अजून नाही. सासू टोमणे मारत असणार. बायकाबायकांचं असतं. मी त्यात काय करू?

बुधवार, २४ जुलै

निरोप आला. हैथमचे लोक शुक्रवारी जाहा, म्हणजे समेटासाठी मानाची माणसं, घेऊन येतायत. आणि पुढे कोण? अबू रातिब! ज्यांनी शब्द टाकला की दोन टोळ्यांमधलं वैर मिटतं, ते हाजी अबू रातिब माझ्या घराच्या सत्तावन्न पायऱ्या चढणार. त्यांचं वय एकोणऐंशी. माझ्या घरात आजवर आलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे विभागाचा इंजिनीयर, तोही पंखा दुरुस्त करून घ्यायला.

उम्म सामेर स्वयंपाकघराचं दार लावून माझ्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज वेगळाच होता. "ऐका माझं. ते कॉफी समोर ठेवतील, पिणार नाहीत. निवू दे ती. पार थंडगार होऊ दे. सगळ्यांसमोर हैथमला विचारा, मुलगी का आली. तो काय सांगतो ते ऐका. त्याआधी 'घ्या' म्हणू नका."

"तूच सांग की का आली."

"तिने मला शपथ घातलीय. तुम्ही विचारा. तुम्ही बाप आहात."

बरं म्हटलं. बायका साध्या गोष्टीला गाठी मारतात. तरी विचारायचं ठरवलंय.

शुक्रवार, २६ जुलै

कसं लिहू ते कळत नाही, म्हणून झालं तसं लिहितो.

दुपारच्या नमाजानंतर पंधराजण आले. अबू रातिब मध्ये बसले. हैथम शेवटच्या खुर्चीवर, मान खाली. सामेर परदेशी, म्हणून कॉफी मीच ओतली. हाजींनी कप घेतला, टेबलावर ठेवला आणि सगळ्यांनी आपापले कप ठेवले. पंधरा कप, वाफा निघतायत. सुरुवात कशी करावी म्हणून मी घसा खाकरला.

तेवढ्यात हाजी म्हणाले, "अबू सामेर, तुमच्या छताबद्दल ऐकलंय. दवाखान्याच्या नळ्यांनी टोमॅटो पिकवता म्हणे?"

माझ्या छताबद्दल. अबू रातिब यांनी. मी सांगायला लागलो. ड्रम, डबे, थेंब, नेलपॉलिशचा ठिपका (तो माझा म्हणून सांगितला). हाजी मान हलवत होते, बाकीचे हसत होते, एकाने चाळीस नळ्यांचा हिशेब विचारला. मी सांगत सुटलो आणि बोलता बोलता कपांकडे नजर गेली. वाफ थांबली होती. वेलदोड्याची चांगली कॉफी, पंधरा कप, सगळी वाया जाणार.

मी म्हटलं, "कॉफी घ्या हाजी, निवतेय."

हाजींनी माझ्याकडे बघितलं. मग कप उचलून म्हणाले, "अल्लाह तुमचं घर भरलेलं ठेवो. मोठ्या मनाचा माणूस." एका घोटात प्यायले. पंधरा जणांनी कप उचलले. हैथमने उठून माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं. पुढच्या शुक्रवारी अरीजला न्यायला येतील असं ठरलं. मी कुणाला काही विचारलंच नव्हतं.

आतल्या खोलीत काही तरी पडल्याचा आवाज आला.

रिवाज मला माहीत नव्हता असं कसं म्हणू? लग्नापासून मयतीपर्यंत शंभर जाहांत बसलोय. "घ्या" म्हणजे "दिलं", हे इथल्या लहान पोरालाही कळतं. जीभ घसरली असं उम्म सामेरला सांगितलं. पण ही वही माझी एकट्याची आहे. ते शब्द तोंडातून गेले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. न्हाव्याकडे परत जाता येईल असं वाटलं. हे खरं आहे.

शनिवार, २७ जुलै

घरात कुणी बोलत नाही. उम्म सामेरने जेवण ठेवलं आणि उठून गेली. अरीज मात्र बोलली. "बाबा, मी जाण्याआधी आईला चाकं शिकवून ठेवते. तुम्हाला उन्हात वर जायला जमलं नाही तर." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

सोमवार, २९ जुलै

सकाळी दोघं मांडवाला वेल बांधत होतो. पुन्हा तिने दाताने गाठ आवळली. मी वैतागलो. आधीच मनाला खात होतं, ते कुठे तरी निघायचंच. तिचा डावा हात धरला आणि म्हटलं, "हे बघ, बोट असं वाकवायचं, तार याच्याखाली..."

शेवटची दोन बोटं वाकली नाहीत.

जोर लावला तर तिने डोळे मिटले. तेहतीस वर्षं अडकलेली चाकं या हातांनी तपासली आहेत. गंजाने अडलेलं कुठलं, मोडून बसलेलं कुठलं, मला हाताला कळतं. हे मोडून बसलेलं होतं.

"कधी?"

"हिवाळ्यात."

"कशाने?"

"दारात सापडली."

"दारात कशी सापडली?"

ती वेलीकडे बघत म्हणाली, "त्याने दार लावलं. माझा हात चौकटीत होता. मग पुन्हा एकदा लावलं."

मी खाली बसलो. उन्हात फरशी तापली होती, उठायचं सुचलं नाही. हा हात तीन आठवडे माझ्यासमोर होता. मी त्याला आळस म्हटलं. बशा कुणाच्या हातून फुटत होत्या तेही मला आत्ता कळतंय. फुटत नव्हत्या, फेकल्या जात होत्या. जिर्येस परका असून त्याने विचारलं.

मला ओरडायचं होतं. झरक्याला जाऊन त्याच्या दुकानातली प्रत्येक वस्तू फोडायची होती. अरीज म्हणाली, "बाबा, एकच मागते. माझी बोटं चौकात मांडू नका. लोक कीव करतील, मग विचारतील मी काय केलं होतं. ते मला सोसणार नाही."

मी वचन दिलं. आता माझ्या वचनाची काय किंमत, पण दिलं.

मंगळवार, ३० जुलै

अबू रातिब यांच्याकडे गेलो. एकटा. माझ्यापुढे कॉफी आली. मी मागायला आलो होतो, म्हणून कपाला हात लावला नाही. त्यांनी ते बघितलं.

"बोला."

"हाजी, माझा शब्द मला परत द्या."

हाजी रागावले नाहीत, ते जास्त जड गेलं. "अबू सामेर, पंधरा माणसांनी ती कॉफी प्यायली. आता ती कुणाच्या पोटातून काढू? मी पंचावन्न वर्षं हे काम करतो. एकानेही शब्द परत मागितला नाही. कारण काय?"

"कारण नाही."

"भांडण झालं? हैथमबद्दल काही कळलं? सांगा, मी त्याला इथे उभा करतो."

ओठांवर आलं होतं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. हे हाजी भले आहेत, त्यांनी हैथमला भर बाजारात झोडपलं असतं. आणि उद्या सगळ्या सल्तला अरीजच्या बोटांची गोष्ट तोंडपाठ झाली असती.

"कारण नाही, हाजी. मी देत नाही, एवढंच."

"कारण नसताना शब्द फिरवणाऱ्याला लोक काय म्हणतात, माहीत आहे?"

"म्हणू दे."

"मी तुम्हाला मोठ्या मनाचा म्हटलं होतं."

"ते परत घ्या," मी म्हटलं. कप तसाच ठेवून उठलो. दारापर्यंत सोडायला कुणी आलं नाही.

शुक्रवार, २ ऑगस्ट

तीन दिवसांत गावभर झालं. न्हावी म्हणाला, आज गर्दी आहे. दुकान रिकामं होतं.

आज ते आले. हाजी नव्हते. हैथम आणि त्याचे दोघे भाऊ. मी सकाळपासूनच खालच्या लोखंडी दारापाशी स्टूल टाकून बसलो होतो. मी काही मारामारी करणारा माणूस नाही, आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. वर खिडक्या उघडल्या, एकेक करून.

"सलाम, काका. अरीज तयार आहे?"

"येणार नाही."

तो हसला. "काका, तुम्ही शब्द दिलाय."

"दिला होता."

"पंधरा माणसं साक्षीला आहेत." हे त्याने खिडक्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "सल्तची माणसं शब्दाची पक्की असतात असं ऐकलं होतं."

"चुकीचं ऐकलंस."

वरून कुणी तरी हसलं. एक बाई "छी" म्हणाली. माझे कान तापले. हैथम पुढे आला आणि आत डोकावून त्याने हाक मारली, "अरीज!" त्याचा एक हात चौकटीवर होता.

मी स्टुलावरून उठलो. दाराचं हँडल माझ्या हातात होतं. मी त्याच्या बोटांकडे बघितलं. मग त्याच्या तोंडाकडे.

त्यानेही स्वतःच्या बोटांकडे बघितलं. तोंडावरचं हसू गेलं. हात काढून घेतला आणि खिशात घातला. भाऊ विचारत होते, काय झालं, काय झालं. तो म्हणाला, "चला. या म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय."

ते गेले. भीती वाटते ती पुढची आहे. तलाकनामा सहज मिळणार नाही, हैथम लटकवत ठेवेल. सामेरचा फोन आला, "बाबा, तुम्ही आपलं नाव घालवलंत." मी म्हटलं, हो. जिर्येस दुकानातून बाहेर आला होता. सगळ्यांदेखत ओरडला, "अबू सामेर, चहा पाठवू का?" मी नको म्हटलं. पण त्याने विचारलं.

वर गेलो तर अरीज वेल बांधत होती.

"गेले?"

"गेले."

तिने एक गाठ मारली, दुसरी मारली. मला वाटलं आता रडेल, किंवा माझ्या गळ्यात पडेल. खोटं कशाला लिहू, मला तसं हवं होतं. ती म्हणाली, "चार वर्षांपूर्वी का नाही, बाबा?"

"मला माहीत नव्हतं, पोरी."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

टोमण्यासारखं नाही म्हणाली. मीटरचा आकडा वाचून दाखवावा तसं म्हणाली. त्या दिवशी गाडीत ती माझ्या शेजारी तासभर बसली होती आणि बोलत होतो मी.

शनिवार, ३ ऑगस्ट

आज विचारलं.

दुपारच्या नमाजानंतर बसलो, ती बोलायला लागली, असरची, तिसऱ्या प्रहरची, अजान होऊन गेली तरी बोलतच होती. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. त्यातलं काही इथे लिहिणार नाही.